कुरियाक्कोसने वगळलेल्या बातम्या

सोसाम्मा शाळेत शिकवत होती तेव्हा तिच्या बोटांना कायम शाई लागलेली असे. ती पेनाची नव्हे, पेपरची. सकाळी घरी एक आणि मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत दुसरा, असे दोन पेपर ती पहिल्या पानावरच्या तारखेपासून शेवटच्या पानाच्या तळाशी असलेल्या छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचून काढायची. समाजशास्त्राच्या तासाला धडा टळावा म्हणून मुलं मुद्दाम विचारायची, टीचर, आज काय झालं? आणि टीचर दर वेळी फसायची. नुसते मथळे वाचणाऱ्यांबद्दल तिचं मत काही बरं नव्हतं. केळीच्या पानावर जेवायला बसून नुसता पप्पडम खाऊन उठणारी माणसं, असं ती त्यांना म्हणायची.

निवृत्तीनंतर काचबिंदूने तिला गाठलं. आधी रकान्यांच्या कडा गेल्या, मग बारीक अक्षरं, मग मथळेही. उजव्या डोळ्यात काही उरलं नाही. डाव्यात खिडकी कुठे आहे एवढं कळण्यापुरता उजेड राहिला. तिने फारशी रडारड केली नाही. फक्त सकाळी पेपर अंगणात पडल्याचा आवाज आला की ती उगाचच स्वयंपाकघरात जाऊन भांडी हलवत बसायची.

कुरियाक्कोसला ते दिसत होतं. तिचा नवरा वीज मंडळातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेला, घरामागच्या थोड्या रबराच्या झाडांत रमलेला, कमी बोलणारा माणूस. पेपरशी त्याचा संबंध दोन जागांपुरता होता: रबराचा भाव आणि मृत्यूचं पान. ते पान त्या भागात सगळेच वाचतात. कुणाच्या अंत्यविधीला जायचं राहून गेलं तर ते पिढ्यान्‌पिढ्या विसरलं जात नाही. तर असा हा कुरियाक्कोस एक दिवस काळी कॉफी पिऊन झाल्यावर व्हरांड्यात खुर्ची ओढून बसला, घसा खाकरला आणि काही न विचारता-सांगता पहिल्या पानापासून मोठ्याने वाचू लागला.

तो वाचायचा फार वाईट. पूर्णविरामाशी थांबायचा नाही आणि मधेच भलत्या ठिकाणी श्वास घ्यायचा. अग्रलेख त्याच्या तोंडून वीजबिलासारखा ऐकू येई. सुरुवातीला सोसाम्मा त्याचे उच्चार सुधारायची. नंतर तिने तो नाद सोडला. पण चार वर्षं तो एकही सकाळ चुकला नाही. तापाने फणफणला होता तेव्हाही घोंगडीत गुरफटून वाचत बसला होता. कधीकधी वाचता वाचता तो थांबायचा, पान उलटल्याचा आवाज यायचा आणि एकदम दुसराच विषय सुरू व्हायचा. कंटाळला असेल, असं तिला वाटे. एवढं करतोय, आणखी काय मागायचं, असं म्हणून ती गप्प बसे. तरी आतून काहीतरी टोचत राही. पेपर आता तिचा राहिला नव्हता. कुणी भरवावं तसा तो तिला मिळत होता.

जवळच्या कोदमंगलमच्या वाचनालयात न दिसणाऱ्यांसाठी कॉम्प्युटरचा वर्ग निघाला आणि कुवेतला नर्स असलेल्या मुलीने हट्ट धरला, तेव्हा सोसाम्मा कुरकुरत गेली. शिकवणारी होती रसिया, मलप्पुरमकडची, चाळिशीची, जन्मापासून दृष्टी नसलेली आणि जिभेची तिखट. पहिल्याच दिवशी सोसाम्मा म्हणाली, मोळे, या वयात माझी बोटं काय वळणार? इथे मोठी बाई लहान बाईला मोळे म्हणते, पोरी म्हणावं तसं. रसिया म्हणाली, "टीचर, तुम्ही विद्यार्थ्यांची ही सबब ऐकून घेत होता का?"

बोटं वळली. पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम सोसाम्माला जमला. तो मल्याळम बोलायचा, पण कसा, तर नाकातून, एका सुरात, श्वासही न घेता. कुरियाक्कोसने तो आवाज पहिल्यांदा ऐकला आणि म्हणाला, हा तर आपल्या चर्चमधला कप्यार. चर्चची घंटा वाजवणारा आणि पाद्र्यामागून प्रार्थना गुणगुणणारा कप्यार खरोखरच असाच म्हणायचा. त्या दिवसापासून घरात त्या आवाजाला कप्यार हेच नाव पडलं.

पण कप्यारकडून पेपर वाचून घेणं म्हणजे छळ होता. पेपरांची संकेतस्थळं उघडली की तो बिचारा जे समोर येईल ते सगळं वाचे: लिंक, लिंक, चित्र, सोन्याची जाहिरात, पुन्हा लिंक. एका बातमीपाशी पोचेपर्यंत भात करपायचा. सोसाम्माने दोन-चारदा प्रयत्न केला आणि पुन्हा व्हरांड्यातल्या खुर्चीकडे वळली.

पावसाळा संपता संपता तिच्या डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. उरलेला उजेड टिकवण्यासाठी होती ती. डॉक्टरांनी बजावलं, खाली वाकायचं नाही, जोर करायचा नाही, रडायचं तर मुळीच नाही. काही दिवस ती डोळ्यावर पट्टी बांधून पडून होती. घरी आल्यावर तिने पहिलं काम केलं ते थ्रेस्यामाला फोन लावण्याचं. थ्रेस्यामा तिची शिक्षण महाविद्यालयापासूनची मैत्रीण. दोघींनी वसतिगृहात एका खोलीत दोन वर्षं काढली होती. पुढे ती लग्न होऊन उत्तरेला, इरिट्टीच्या वरच्या डोंगरात गेली आणि तिकडेच शिकवून निवृत्त झाली. नवरा गेल्यापासून एकटी राहायची. दोघी महिन्यातून एकदा-दोनदा फोनवर एकमेकींची उणीदुणी काढायच्या.

फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. कुरियाक्कोस म्हणाला, मुलाकडे बेंगळुरूला गेली असेल. सोसाम्माला ते पटलं. गुडघ्याच्या उपचारासाठी जायचं म्हणत होतीच ती.

वर्गात परत गेल्यावर तिने रसियाकडे पेपरांची तक्रार केली. रसियाने खुर्ची ओढली आणि तिला शेजारी बसवलं.

"टीचर, तुम्ही अजून पुढच्या दाराने जाताय. तिथे सगळा बाजार मांडलेला असतो. प्रत्येक पेपरचं एक मागचं दार असतं. नव्या बातम्या तिथे साध्या अक्षरांत ठेवलेल्या असतात. चित्रं नाहीत, जाहिराती नाहीत. त्याला फीड म्हणतात. त्या दाराचा पत्ता एकदा या कॉम्प्युटरला देऊन ठेवायचा, की हा स्वतःच घरोघर फिरतो आणि नवं काय असेल ते तुमच्या पुढ्यात आणून टाकतो. मासेवाला दारात येत असताना तुम्ही बाजारात कशाला जाता?"

त्या दारांना आरएसएस असंही म्हणतात, हे तिने सांगितलं तेव्हा वर्गात दोघा-तिघांना भलतंच काही वाटून हशा पिकला. बाहेर बाकावर बसलेल्या कुरियाक्कोसच्या कानावरही ते पडलं. परतीच्या बसमध्ये त्याने गंभीरपणे विचारलं, "ती पोरगी रबराचं काय शिकवत होती?" धुरावर वाळवलेल्या रबराच्या शीटची प्रत त्याच तीन अक्षरांनी ओळखतात आणि त्याचा भाव तो रोज बघायचा. सोसाम्मा इतकी हसली की तिला डॉक्टरांचे शब्द आठवले आणि तिने हातरुमाल डोळ्याशी धरला.

आता तिचे दिवस पालटले. तिने दोन मोठे पेपर जोडले, मग तिसरा, मग ज्याच्याशी तिचं कधीच पटलं नव्हतं असा चौथा, मग परदेशातला एक. बाणाचं बटण दाबलं की मथळा. आवडला तर एन्टर, नाहीतर पुढे. पुन्हा ऐकायचं असेल तर मागे. अग्रलेख हवा तेवढा हळू. तिला सगळ्यात जास्त सुख कशाचं झालं असेल तर वगळण्याचं. क्रिकेट वगळताना तिला चार वर्षांनी स्वतःच्या हाताने पान उलटल्यासारखं वाटलं.

कुरियाक्कोस सकाळी वाचतच होता. ती ऐकतही होती; पण तो बातमी सुरू करायचा आणि तिला शेवट आधीच माहीत असायचा. एकदोनदा तिच्या तोंडून शेवट निघूनही गेला. तो म्हणाला, "कप्यारने सांगितलेलं दिसतंय," आणि पेपरची घडी घातली.

मोठे पेपर झाल्यावर तिला थ्रेस्यामाची आठवण झाली. रसियाला विचारून तिने इरिट्टीच्या बाजूच्या बातम्या देणारं एक लहानसं संकेतस्थळ शोधलं आणि त्याचंही मागचं दार जोडून टाकलं. थ्रेस्यामा परत आली की तिला तिच्याच गावच्या बातम्या सांगून चकित करायचा तिचा बेत होता. रोज दुपारी ती तिकडचं ऐकायची. मिरीचा भाव पडलाय. वरच्या वाडीत हत्ती उतरून त्याने कुणा माणीच्या केळी झोपवल्यात. ओढ्यावरच्या पुलाचं उद्‌घाटन तिसऱ्यांदा पुढे गेलंय. हे सगळं ती मनात साठवून ठेवत होती. फोन मात्र अजून नुसता वाजत होता.

मग एका दुपारी, मिरीच्या भावानंतर, कप्यारने त्याच सुरात वाचलं: "निधनाचा एक्केचाळिसावा दिवस. पुतियापरंबिल दिवंगत वर्की यांची पत्नी, निवृत्त शिक्षिका थ्रेस्यामा यांच्या आत्म्यासाठी येत्या शनिवारी सकाळी गावच्या चर्चमध्ये प्रार्थना, त्यानंतर घरी भोजन. सर्वांनी यावे."

सोसाम्माने मागचं बटण दाबलं. कप्यारने पुन्हा वाचलं. तिने आणखी एकदा दाबलं. तिला वाटत होतं, नावात कुठेतरी फरक असेल, घराच्या नावात तरी. कप्यारने एक अक्षरही बदललं नाही. त्यानंतर तो आपणहून पुढच्या बातमीवर गेला, रस्त्यावर कोसळलेल्या झाडाच्या. ती ऐकत राहिली, कारण आवाज बंद कसा करायचा हेच तिला त्या क्षणी आठवेना.

कुरियाक्कोस अंगणात रबराच्या शीट उलटत होता. आत येऊन त्याने पाणी मागितलं. तिने पाणी दिलं नाही. बटण दाबलं.

शेवटचा शब्द होईपर्यंत तो उभाच होता. मग त्याने खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"तुम्हाला माहीत होतं, इच्चायन?" नवऱ्याला ती याच नावाने हाक मारायची.

"तू ऑपरेशनला आत होतीस," तो म्हणाला. "मी बाहेर बाकावर पेपर वाचत होतो. तिचा फोटो होता. जुना, चष्मा नसलेला. ते पान तिथेच ठेवून आलो. बाकीचा पेपर तुला वाचून दाखवला."

"आणि घरी आल्यावर?"

"डॉक्टर म्हणाले होते, रडू द्यायचं नाही. मग रोज वाटायचं, उद्या सांगू. मग ते सांगण्यासारखंच राहिलं नाही."

"मी फोन लावत होते. तुम्ही इथे बसून ऐकत होता."

तेव्हा तिला पान उलटल्याचे ते आवाज आठवले, मधेच तुटलेल्या त्या सगळ्या सकाळी. तिने हळूच विचारलं, आणखी काय काय वगळलंत?

त्याने लपवलं नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. एकेक आठवून सांगत गेला. तिचा आवडता विद्यार्थी रेजी नदीत बुडाला, दोन वर्षांपूर्वी. ज्यांनी तिला शिकवलं ते बिशप वारले. तिच्या शाळेत मुलं उरली नाहीत, ती बंद होण्याच्या यादीत आहे, हे तर दोन-तीनदा छापून आलं होतं. सांगताना त्याचा आवाज अगदी वाचतानासारखाच होता, भलत्या ठिकाणी श्वास घेणारा.

"वाचताना मी तुझ्या तोंडाकडे बघायचो, सोसे," तो शेवटी म्हणाला. "काही ऐकून तुझा चेहरा पडायचा. तुला काही दिसत नव्हतं, पण मला ते दिसायचं. पुढच्या वेळी मग तसलं काही माझ्याच्याने वाचवायचं नाही."

त्यानंतर घरात बोलणं बंद झालं. तिने दार लोटून रडून घेतलं, डॉक्टर काहीही म्हणोत. जेवण वाढत होती, विचारलं त्याला हूं किंवा ऊंहूं होत होतं. कानाला हेडफोन लावून ती कप्यारजवळ बसे. रसियाला तिने फोनवर सगळं सांगितलं. रसियाने ऐकून घेतलं आणि म्हणाली, माझ्या घरी सगळे अजूनही मला बाजारातले भाव खोटे सांगतात, स्वस्त करून, मी चिंता करू नये म्हणून. त्यांच्याशी भांडायचं मी सोडलेलं नाही, टीचर, पण जेवते त्यांच्याचबरोबर.

कुरियाक्कोस मात्र रोज सकाळी ठरल्या वेळी व्हरांड्यात बसून वाचतच राहिला. रिकाम्या खुर्चीसमोर, आणि आवाज नेहमीपेक्षा चढा. आता तो काही म्हणजे काहीच वगळत नव्हता. मृत्यूचं पान वाचत होता, प्रत्येकाचं घराचं नाव, सुना, जावई, सगळ्यांसकट. खून वाचत होता. दहावीची गुणपत्रिका हरवल्याची जाहिरात, नाव बदलल्याची जाहिरात, जिल्हा रुग्णालयाच्या गाद्यांची निविदा. स्वयंपाकघरात सोसाम्मा नारळ खवत होती. गाद्यांच्या जाडीपर्यंत तिने सहन केलं.

"निविदा," ती आतून म्हणाली. "निवेदा नाही."

व्हरांड्यातला आवाज थांबला. मग त्याने ती ओळ पहिल्यापासून वाचली, शब्द नीट उच्चारून. तिला हसू आलं आणि हसता हसता पुन्हा रडूही आलं. पदराने तोंड पुसून ती बाहेर आली आणि आपल्या खुर्चीत बसली.

"शनिवारच्या आधी पोचायचं तर तिकिटं आजच काढायला हवीत," ती म्हणाली.

आलुव्याला जाऊन त्यांनी दिवसाची गाडी धरली, तलश्शेरीला उतरले आणि बसने डोंगर चढून गेले. थ्रेस्यामाचा मुलगा जोबिश आईच्या मैत्रिणीला बघून गोंधळला. आई गेल्याचं कळवायला त्याने कुरियाक्कोसला फोन केला होता; तुम्ही आला नाहीत तेव्हा वाटलं तुमची तब्येत फारच बिघडली असेल, असं तो म्हणाला. कुरियाक्कोस मान खाली घालून उभा राहिला. सोसाम्माने त्याच्या दंडावरचा हात काढला नाही. आजारीच होते रे मी, एवढंच ती म्हणाली.

थडग्यावरच्या मातीत अजून दगड बसवला नव्हता. तिने वाकून माती चाचपली, वाकायला बंदी होती तरी. मग घरी अप्पम आणि रस्सा वाढला गेला, आणि ओट्यावर बायका जमल्या. सोसाम्माने पुलाचं उद्‌घाटन यंदा तरी होणार का म्हणून विचारलं. माणीला केळीची भरपाई मिळाली का? बायकांमध्ये कुजबुज झाली. मग एक म्हातारी म्हणाली, "तुम्ही आमच्यातल्या कुणाच्या घरच्या? मी तुम्हाला कधी पाहिलं नाही." थ्रेस्यामाच्या घरची, असं सोसाम्माने सांगितलं. त्यावर माणीच्या बायकोने हत्तीची सगळी हकिगत पहिल्यापासून ऐकवली. पेपरात निम्मं खोटं आलंय म्हणाली, केळी चाळीस नव्हत्या, शंभराच्या वर होत्या. सोसाम्माने तिला थ्रेस्यामाबद्दल विचारलं आणि तिने तेही सांगितलं: शेवटच्या आठवड्यापर्यंत ती पोरांना ओसरीवर बसवून पाढे घ्यायची आणि चुकलेल्याला गूळ देत नसे. ती तशीच होती, सोसाम्मा म्हणाली. वसतिगृहात मलाही द्यायची नाही.

परत आल्यावर व्हरांड्यातला क्रम पुन्हा सुरू झाला, फक्त दोघांत एक करार झाला. त्याने सगळं वाचायचं. आणि एखाद्या बातमीने तिचा चेहरा पडला तर तोंडाने विचारायचं, पुढे वाचू का? ती कधी हो म्हणते, कधी थांब म्हणते. रेजीच्या आईला ती जाऊन भेटली. दोन वर्षं उशिरा गेली, पण त्या बाईने तिला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

आणि ती आपल्या जुन्या शाळेत गेली. पाचवी-सहावी एकाच वर्गात बसत होती, मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. शाळा राहील की जाईल हे आजही ठरलेलं नाही. मुख्याध्यापिका तिचीच विद्यार्थिनी निघाली. त्या दिवसापासून दर बुधवारी कुरियाक्कोस तिला रिक्षातून शाळेत नेतो आणि मागच्या बाकावर जाऊन बसतो. सोसाम्मा सकाळी फीडमधून निवडून आणलेल्या चार बातम्या मुलांना सांगते, त्यावर त्यांना भांडायला लावते. त्यातली एक तरी त्यांना न आवडणारी असते.

परवाच्या बुधवारी ती बोलत असताना अनघा नावाची एक मुलगी सारखी चुळबुळ करत होती. काय झालं, असं टीचरने विचारलं. अनघा उभी राहिली आणि म्हणाली, काल संध्याकाळी आमच्या गायीला वासरू झालं, कालवड आहे, आणि तिच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे.

सोसाम्माने हातातला कागद, जो ती सवयीने धरायची, बाकावर ठेवला.

"ही बातमी माझ्याकडे आलेली नव्हती," ती म्हणाली. "नीट सांग. पहिल्यापासून."